वकील-पुढाऱ्याचं चरित्र रोजनाम्यावरून कसं उभं करावं : ओबाफेमी अवोलोवो

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात दर महिन्याला कुणीतरी एका परदेशी माणसावर तासभर बोलतं. तयारी चांगली असते. तरीही पहिली वीस मिनिटं जन्मगाव, हलाखी आणि शिक्षणात जातात, शेवटची दहा पुतळे आणि टपाल तिकिटांत, आणि मधल्या काळात त्या माणसाने नेमकं काय केलं हे सांगायचं राहूनच जातं. विषय वकील असेल आणि पुढे राजकारणात गेलेला असेल, तर यातून सुटायची एक चांगली वाट आहे. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. सगळी नोकरी साक्षी आणि निकालपत्रं उतरवण्यात गेली. तेव्हा मला सुचते ती पद्धत कचेरीतलीच असणार.

उदाहरणाला नायजेरियाचे ओबाफेमी अवोलोवो घेते. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, त्यामुळे श्रोत्यांच्या मनात आधीचं चित्र नसतं. शिवाय त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या घडामोडी कोर्टाच्या दप्तरात नोंदलेल्या आहेत. त्यातले बहुतेक निकाल त्यांच्या विरुद्ध गेले आणि तरी हा गृहस्थ दर वेळी पुन्हा कोर्टाचीच पायरी चढला. व्याख्यानाला एवढा धागा पुरतो.

आधी रोजनामा

एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट लिहायची, उजवं पान कोरं ठेवायचं. कोर्टाच्या रोजनाम्यात असतं तसं: कोण हजर, कोणी काय मागितलं, हुकूम काय झाला. 'दुर्दैवाने', 'अथक परिश्रमाने' हे शब्द तिथे येत नाहीत, कारण खाली साहेबांची सही व्हायची असते.

अवोलोवोंचा रोजनामा साधारण असा सुरू होतो:

६ मार्च १९०९ : नैर्ऋत्य नायजेरियात, योरुबा मुलखातल्या इकेन्ने गावी जन्म.
१९२० : वडील वारले. ते शेती करत, लाकूड कापत.
१९२७ : इबादानच्या वेस्ली कॉलेजात, शिक्षक होण्यासाठी.
२६ डिसेंबर १९३७ : हॅना इडोवू यांच्याशी लग्न.
१९४४ : लंडन विद्यापीठाची बी. कॉम., बाहेरून बसून. त्याच वर्षी कायदा शिकायला लंडनला रवाना.
१९ नोव्हेंबर १९४६ : लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर.

आता तारखांमधल्या फटींकडे बघा. वकील झाले तेव्हा माणूस सदतीस वर्षांचा होता. वडील अकराव्या वर्षी गेल्यापासून मधली पंचवीस-सव्वीस वर्षं काय केलं? शिक्षकी केली. लागोसमध्ये लघुलेखन-टंकलेखनाची नोकरी केली. (इथे मी थोडी थांबते, आमच्या बिरादरीतला माणूस म्हणून.) वर्तमानपत्रात बातमीदारी केली. कोको खरेदी करून विकला, मालमोटारी चालवल्या, सावकारीही केली. व्यापाऱ्यांच्या संघटनेचं चिटणीसपद सांभाळलं, कामगार संघटनेत उठबस केली. लंडनला गेले तेव्हा घरी बायको-मुलं होती आणि बायकोने व्यापार करून संसार ओढला. हे सगळं 'बालपण आणि शिक्षण' या मथळ्याखाली कोंबायचं नाही. पुढे प्रांताच्या तिजोरीतून शाळा काढणारा माणूस तयार झाला तो याच फटीत. कोको पिकवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि मध्ये उभ्या असलेल्या दलालाला काय मिळतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

दुसरी फट उलट दिशेची. परत येऊन इबादानला वकिली सुरू केली ती १९४७ च्या सुमारास. १६ नोव्हेंबर १९४९ ला 'नायजेरियन ट्रिब्यून' हे दैनिक काढलं, आणि २८ एप्रिल १९५१ ला ओवो गावी 'अॅक्शन ग्रुप' हा पक्ष जाहीर केला. म्हणजे नुसती वकिली अशी चारेक वर्षांचीच. श्रोत्यांना हे सांगा, नाहीतर ते काळ्या कोटातल्या दीर्घ कारकिर्दीची वाट बघत बसतात. यांची खरी कोर्टबाजी राजकारणात गेल्यावरची आहे, आणि तीही बहुधा पक्षकार म्हणून.

नकाशा एकच, तोही हाताने

फळ्यावर नायजेरियाचा ओबडधोबड नकाशा काढा आणि त्यात नायजर-बेन्वे नद्यांचा मोठा वाय. वरचा सगळा भाग उत्तर प्रांत, मुख्यतः हौसा-फुलानी. खाली डावीकडे पश्चिम प्रांत, योरुबांचा. उजवीकडे पूर्व प्रांत, इग्बोंचा. उत्तर प्रांत बाकीच्या दोघांपेक्षाही मोठा आहे, हे रेघ मारताना आपोआप दिसतं. अवोलोवोंचं निम्मं राजकारण त्या एका रेघेपायी झालं. १९४७ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं की नायजेरिया हे राष्ट्र नव्हे, ती निव्वळ एक भौगोलिक संज्ञा आहे. उपाय म्हणून त्यांनी संघराज्य मांडलं: भाषा आणि लोकसमूह पाहून घटक राज्यं करा, प्रत्येकाला आपल्या गतीने चालू द्या.

आपल्या श्रोत्यांना इथे संयुक्त महाराष्ट्र आठवणारच. आठवू द्या. १ मे १९६० ला आपलं राज्य झालं आणि १ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र झाला. एवढं एक वाक्य बोलून पुढे सरका. दोन्हीकडची गणितं वेगळी आहेत.

प्रत्येक दाव्याला निशाणी क्रमांक

उजव्या कोऱ्या पानाचा उपयोग आता. डाव्या पानावरच्या प्रत्येक नोंदीसमोर लिहा: हे कोण सांगतं? स्वतः अवोलोवो (त्यांचं आत्मचरित्र १९६० चं आहे, म्हणजे तुरुंगाच्या आधीचं), विरोधक, चौकशी आयोग, की कोर्ट? आमच्याकडे दाखल झालेल्या प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक पडतो आणि तो कोणी हजर केला हेही नोंदलं जातं. चरित्रातही तेच करा. एकदा सवय लागली की गौरवग्रंथातली वाक्यं लांबूनच ओळखू येतात.

उलटतपास कसा घ्यायचा, त्याची दोन उदाहरणं देते.

पहिलं सोपं. 'आफ्रिकेतलं पहिलं दूरचित्रवाणी केंद्र अवोलोवोंनी काढलं' हे वाक्य सगळीकडे भेटतं. ३१ ऑक्टोबर १९५९ ला इबादानला पश्चिम प्रांताचं केंद्र सुरू झालं हे खरं, आणि 'आफ्रिकेत प्रथम' असं ब्रीद ते केंद्र स्वतःच मिरवत होतं. पण मोरोक्को आणि अल्जीरियात त्याआधी दूरचित्रवाणी आली होती. तेव्हा 'सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत' असं म्हणा. मोठेपणा कमी होत नाही, आणि मागच्या बाकावरचा निवृत्त भूगोल शिक्षक तुम्हाला उभं करत नाही.

दुसरं जरा खोलातलं. १९५४ मध्ये ते पश्चिम प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले, आणि १७ जानेवारी १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केलं. एका वर्षात पटावरची मुलं साडेचार लाखांच्या आसपास होती ती आठ लाखांच्या वर गेली. आकडा टाळ्या घेणारा आहे. मात्र टाळ्या थांबल्या की तिजोरीत हात घाला: पैसा कुठून आला? कोकोची सगळी खरेदी एका पणन मंडळामार्फत होई. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळे आणि जागतिक बाजारातला वरचा पैसा मंडळाकडे साठे. त्यातून विकासकामं झाली. शिवाय लोकांवर कर बसवला. तो लोकांना अजिबात आवडला नाही, आणि १९५४ च्या संघीय निवडणुकीत खुद्द आपल्या प्रांतात पक्ष मागे पडला. शाळेची घंटा वाजायच्या आधीच किंमत मोजावी लागली होती. तरी योजना मागे घेतली नाही, हे मला आठ लाखांच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

याच पैशाची दुसरी निशाणी १९६२ च्या कोकर आयोगाची. मंडळाचा पैसा एका गुंतवणूक कंपनीच्या वाटेने पक्षाकडे वळवला आणि त्याला अवोलोवो जबाबदार आहेत, असा ठपका आयोगाने ठेवला. त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी अकिंटोला (त्यांची गाठ पुढे पडेल) मात्र सुटले. आयोग नेमणारं सरकार विरोधकांचं होतं, हे त्याच पानावर लिहा. आणि तेवढ्यावरून ठपका खोडू नका. शाळाही कोकोच्या पैशावर आणि पक्षही कोकोच्या पैशावर, ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहू द्यात.

निकालपत्रं कशी वाचायची

आता मुख्य काम. निकालपत्र वाचताना नवशिक्या माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि पाचव्या पानावर झोपतो. आधी शेवटचा आदेश वाचा, मग मुद्दे, मग त्या मुद्द्यांवरचे निष्कर्ष. खंडपीठ असेल तर सरळ भिन्नमताकडे जा. बहुमताने जे गुळगुळीत करून ठेवलेलं असतं, त्याचा खडबडीतपणा भिन्नमतात सापडतो.

अवोलोवोंच्या बाबतीत अशी चार प्रकरणं उघडायची. पार्श्वभूमी थोडक्यात. १९५९ ला ते संघीय संसदेत गेले, विरोधी पक्षनेते झाले, आणि प्रांताचं मुख्यमंत्रिपद सॅम्युएल लाडोके अकिंटोला यांच्याकडे आलं. दोघेही वकील, दोघांनीही वर्तमानपत्रात काम केलेलं, एकाच पक्षातले. उत्तरेच्या पक्षाशी जुळवून घ्यायचं की नाही यावरून १९६२ त फाटलं.

पहिलं प्रकरण अकिंटोला विरुद्ध अडेग्बेन्रो. बहुसंख्य आमदारांनी सह्यांचं पत्र दिलं, त्यावर गव्हर्नरांनी अकिंटोलांना बडतर्फ करून अवोलोवो गटाच्या अडेग्बेन्रोंना नेमलं. सभागृहात मतदान झालंच नव्हतं. २५ मे १९६२ ला सभागृह भरलं तेव्हा एक सदस्य टेबलावर चढून 'डोंगराला आग लागलीय' म्हणून ओरडू लागला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. चारच दिवसांत केंद्राने प्रांतावर आणीबाणी लादली. प्रश्न कायद्याचा होता: बहुमत गेलं हे गव्हर्नरने सभागृहाबाहेरच्या कागदावरून ठरवावं का? नायजेरियाच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे गेलं आणि मे १९६३ मध्ये तिथे उलटा निकाल लागला: गव्हर्नरला तो अधिकार होता. अवोलोवोंच्या बाजूचा हा एकमेव मोठा विजय, आणि तोही टिकला नाही. प्रांताची घटनाच मागच्या तारखेपासून दुरुस्त करून निकाल निकामी करण्यात आला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नायजेरिया प्रजासत्ताक झाला आणि प्रिव्ही कौन्सिलची वाट बंद झाली.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. १९९४ च्या बोम्मई निकालाने बहुमताची जागा सभागृहात आहे असं ठरवलं, आणि आपल्या २०२२ च्या सत्तांतरावर ११ मे २०२३ ला जो निकाल आला त्यातही राज्यपालांनी कशाच्या आधारावर बहुमत चाचणी मागितली हाच सवाल होता. आपल्याकडचं उत्तर प्रिव्ही कौन्सिलपेक्षा वेगळं निघालं. इथे सभागृहात लगेच पक्षीय वाद पेटतो, म्हणून मी हा उल्लेख दोन वाक्यांत उरकते.

दुसरं प्रकरण लहान, आणि माझं आवडतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९६२ च्या धामधुमीत अवोलोवोंवर सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप ठेवला गेला. त्यांना बचावासाठी ग्रॅशियन हे क्वीन्स कौन्सेल, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टर हवे होते. हे ग्रॅशियन मूळचे सिलोनचे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. नायजेरियात वकिलीसाठी त्यांची नोंदणीही झालेली होती. मंत्र्याने परकीयांच्या प्रवेशाच्या कायद्याखाली त्यांना देशात पाऊल ठेवू दिलं नाही. अवोलोवो कोर्टात गेले: घटनेत आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती उडोमा यांनी निर्णय दिला की हक्क आहे, पण पसंतीचा वकील परदेशातला असेल तर त्याला देशात येण्याचा स्वतःचा हक्क असायला हवा, आणि यांना तो नाही. वकीलपत्र खरं, नोंदणी खरी, हक्क खरा. वकील तेवढा हद्दीबाहेर. हक्कांचं प्रकरण शिकवताना हा निकाल आजही नायजेरियात निघतो. व्याख्यानात तो वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात, आणि कायदा हातात असूनही माणूस कसा रिकामा राहतो हे दहा विशेषणांपेक्षा जास्त कळतं.

तिसरं, तोच कटाचा खटला. २ नोव्हेंबर १९६२ ला सुरू, ११ सप्टेंबर १९६३ ला निकाल. आरोप: माणसं घानात पाठवून शिक्षण देणं, शस्त्रं आणणं, सरकार उलथवणं. खटला चालू असताना जुलै १९६३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा ओलुसेगुन, नुकताच इंग्लंडहून वकील होऊन आलेला, मोटार अपघातात गेला. रोजनाम्यात ही एका ओळीची नोंद आहे. व्याख्यानातही एकच ओळ बोला. आवाज कापरा करायची गरज नाही.

न्यायमूर्ती सोवेमिमो यांनी दहा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षेआधी ते जे बोलले ते प्रसिद्ध आहे: समोर तुम्ही एकटेच असता तर एवढा खटला सोसलात हेच पुरे म्हणून मी तुम्हाला जाऊ दिलं असतं, पण माझे हात बांधलेले आहेत, अशा आशयाचं. ज्याने कोर्टात डिक्टेशन घेतलंय त्याला हा क्षण माहीत असतो. साहेब निकालातून बाहेर येऊन माणसासारखे बोलायला लागतात, आणि पेन्सिल धरून बसलेल्याला कळत नाही की हे रेकॉर्डवर घ्यायचं की नाही. लागोसमध्ये ते घेतलं गेलं, म्हणून साठ वर्षं त्यावर वाद चालू आहे: हात कायद्याने बांधले होते की आणखी कुणी? मी या वादात उत्तर देत नाही. वाक्य फळ्यावर लिहिते आणि दोन्ही अर्थ सांगते. अवोलोवोंचं उत्तरही नोंदलेलं आहे. मिळेल ती शिक्षा मला मान्य आहे, चिंता देशाची आहे, लोकशाहीचा आणि कायद्याच्या राज्याचा हा संधिप्रकाश आता पुरत्या काळोखात बदलेल, असं ते म्हणाले. काळोखानंतर पहाट असते हेही जोडलं, आणि हे वाक्य घासून गुळगुळीत झालेलं आहे याची कबुलीही त्यातच देऊन टाकली. तुरुंगाच्या दारातही वकील तो वकीलच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'म्हणजे नायजेरियाचे टिळकच!' साम्य आहे: तुरुंगवास, तुरुंगातलं लेखन. मंडालेसारखं कलाबारच्या तुरुंगात अवोलोवोंनी राज्यघटनेवर लिहिलं. पण १९०८ चं कोर्ट परक्या सरकारचं होतं. १९६३ चं कोर्ट, मंत्री, कायदा, सगळं तीन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या स्वतःच्या देशाचं, आणि स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत आरोपी स्वतः बसलेला. ही उपमा त्या फरकावर पांघरूण घालते, म्हणून मी ती वापरू देत नाही.

कानोचं गणित फळ्यावर सोडवा

चौथं प्रकरण १९७९ चं, अवोलोवो विरुद्ध शगारी. याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण यात श्रोते हातात पेन घेतात.

लष्कर सत्ता सोडत होतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत शेहू शगारींना ५६,८८,८५७ मतं पडली आणि अवोलोवोंना ४९,१६,६५१. नुसती जास्त मतं पुरत नव्हती. नियम असा: १९ राज्यांपैकी किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान २५ टक्के मतं हवीत. शगारींना १२ राज्यांत २५ टक्के मिळाले होते. तेराव्या, कानो राज्यात सुमारे २० टक्के.

१९ चे दोन तृतीयांश किती? बारा पूर्णांक दोन तृतीयांश. राज्याचे तुकडे होत नाहीत म्हणून १३ धरा, असं अवोलोवोंचं म्हणणं. शगारींच्या बाजूने वकील रिचर्ड अकिंजीदे यांनी मांडलं की बारा राज्यं अधिक तेराव्याचा दोन तृतीयांश भाग पुरे.

आता फळा. कानोतली एकूण मतं १२,२०,७६३. त्याचे २५ टक्के म्हणजे ३,०५,१९०.७५. शगारींना मिळाली २,४३,४२३. कमी पडली. आता कानोचे दोन तृतीयांश घ्या: ८,१३,८४२. त्याचे २५ टक्के: २,०३,४६०.५. शगारींची २,४३,४२३ यापेक्षा जास्त, म्हणून पास.

इथे खडू खाली ठेवा आणि गप्प राहा. कुणालातरी चूक दिसते. आमच्याकडे ती एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंना दिसली: कानोचे दोन तृतीयांश घेतले, पण शगारींची मतं मात्र अख्ख्या कानोची धरली! तीही दोन तृतीयांश करा: १,६२,२८२. आणि ती २,०३,४६०.५ पेक्षा कमी आहेत. गणित एका बाजूला कापलं आणि दुसऱ्या बाजूला सोडलं.

२६ सप्टेंबर १९७९ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने, सरन्यायाधीश फतायी-विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली, शगारींची निवड कायम केली. नियमाचं पुरेसं पालन झालं, असाही आधार घेतला. न्यायमूर्ती कायोदे एसो यांनी भिन्नमत लिहिलं. पाच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, शगारींचा शपथविधी झाला.

एक सूचना: इथे 'अवोलोवो जिंकले असते' असं बोलून जाऊ नका. नियम पुरा झाला नसता तर संसद आणि राज्य विधिमंडळांच्या सदस्यांकडून निवड व्हायची होती, आणि मतांत ते मागेच होते. त्यांनी कोर्टाकडे मागितलं ते एवढंच, की निकष पुरा झालेला नाही हे म्हणा.

त्यांच्याविरुद्धचा साक्षीदार

व्याख्यान इथे संपवलं तर अन्याय झालेल्या सज्जन माणसाची गोष्ट उरते, आणि ती अर्धी गोष्ट आहे. मधला काळ मुद्दाम मागे ठेवायचा आणि आता काढायचा. ऑगस्ट १९६६ मध्ये नव्या लष्करी राजवटीचे प्रमुख गोवोन यांनी त्यांची सुटका केली. १९६७ पासून १९७१ पर्यंत ते त्याच राजवटीचे अर्थखात्याचे प्रमुख होते, म्हणजे बियाफ्राच्या (इग्बोंच्या पूर्व प्रांताने फुटून जाहीर केलेल्या देशाच्या) यादवी युद्धाची पूर्ण तिजोरी त्यांच्या हातात. जानेवारी १९६८ मध्ये चलन बदललं, बियाफ्राकडचा पैसा कागद झाला. युद्ध जानेवारी १९७० ला संपल्यावर इग्बो खातेदारांना, बँकेत कितीही ठेव असो, वीस पौंड देण्यात आले. उपासमार हेही युद्धातलं एक हत्यार आहे, असं समर्थन त्यांच्या तोंडी आहे. पुढे १९८३ च्या प्रचारात त्यांना याबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यांचा बचाव असा होता की पाठवलेलं अन्न भुकेल्यांना न मिळता सैनिकांकडे जात होतं. इग्बो घरांमध्ये हा बचाव आजही स्वीकारला जात नाही. पश्चिमेत ज्याच्यामुळे आजी शाळेत गेली, पूर्वेत त्याच्यामुळे आजोबांची ठेव गेली. आणि बियाफ्राचे नेते ओजुक्वू यांनीच अवोलोवोंच्या निधनानंतर त्यांना नायजेरियाला न लाभलेला सर्वोत्तम राष्ट्राध्यक्ष म्हटलं, हीसुद्धा निशाणी दाखल करा.

शेवटी आमच्या निकालपत्रात असतात तसे मुद्दे आणि निष्कर्ष एका पानावर छापून वाटा. मोफत शिक्षण दिलं का? होकारार्थी. पणन मंडळाचा पैसा पक्षाकडे गेला का? आयोगाप्रमाणे होकारार्थी. कट केला का? न्यायालयाप्रमाणे होकारार्थी, गोवोन राजवटीने माफी दिली. बारा पूर्णांक दोन तृतीयांश राज्यं असू शकतात का? बहुमताने होकारार्थी, एसो यांच्या मते नकारार्थी. चलन आणि वीस पौंडांच्या समोरची जागा कोरी ठेवा, श्रोते भरतील.

तासाची वाटणी

जन्मापासून बॅरिस्टरीपर्यंत आठ मिनिटं, त्यातली पाच कोको आणि मालमोटारींना. नकाशा आणि मुख्यमंत्रिपद दहा. पहिली तीन प्रकरणं मिळून पंधरा. कानो दहा. युद्ध सात. उरलेली दहा मिनिटं प्रश्नांना. वेळ कमी पडू लागला तर अडेग्बेन्रो प्रकरण चार ओळींत आवरा, ग्रॅशियन सोडू नका. १९८३ ला एक वाक्य पुरे: पुन्हा शगारी, पुन्हा पराभव, आणि ३१ डिसेंबरला पुन्हा लष्कर. ९ मे १९८७ ला इकेन्नेत निधन, आणि वही मिटा. शंभर नायराच्या नोटेवरचं त्यांचं चित्र दाखवायचंच असेल तर प्रश्नोत्तरांत दाखवा. आणि ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवा की कार्यक्रम संपल्यावर लगेच फळा पुसू नका, कानोचं गणित वहीत उतरवून घ्यायला लोक थांबतात.